मिल्क शुगरच्या तीस पुड्या

कलकत्त्याच्या मे महिन्यात मी शाल पांघरून बसत असे. सगळ्या शहराला अंगावरचं बनियनसुद्धा नकोसं झालेलं, आणि बालीगंजमधल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मी पंखा बंद करा म्हणून नवऱ्याशी भांडायची. वीज गेली की अख्खी बिल्डिंग हळहळायची. मला मात्र बरं वाटायचं.

ही सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आमचे हे केंद्र सरकारच्या एका कचेरीत अधिकारी होते आणि बदली होऊन आम्ही नागपूरहून कलकत्त्याला आलो होतो. घरात आम्ही चौघं: हे, मी, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मुलगी झाल्यापासून माझं काहीतरी बिनसत गेलं होतं. अंग सुजल्यासारखं झालं, केस कंगव्यात यायला लागले, आवाज घोगरा झाला आणि डोकं सदा जड. दूध उतू जाताना मी समोर उभी असायची, बघत असायची, पण स्टोव्ह बंद करावा हे सुचायचं नाही. मी मूळची तडतडी. माहेरी मला लवंगी फटाका म्हणत. तो फटाका कुणी पाण्यात बुडवून ठेवला, ते मलाच कळेना.

इतरांना मात्र सगळं कळलेलं होतं. कलकत्त्यातल्या मराठी बायका हळदीकुंकवाला भेटल्या की माझ्या दंडाकडे बघून म्हणायच्या, "इथलं पाणी मानवलं हो तुम्हाला!" हे म्हणायचे, "जरा चालत जा, लेकच्या तळ्यापर्यंत फेरी मार." आणि सासूबाईंचं मत तर पक्कं होतं. त्या वाईकडच्या, लवकर वैधव्य आलेल्या, चार घरची धुणीभांडी न करता पण चार घरचे पापड लाटून मुलाला शिकवलेल्या. "सूनबाई," त्या म्हणायच्या, "आळसाला औषध नसतं."

कलकत्त्यात राहून कडक सोवळं पाळणं म्हणजे नदीत उभं राहून पाय कोरडे ठेवण्यासारखं. सासूबाई ते करून दाखवत. जिन्यात मासळीचा वास आला की त्या नाकाला पदर लावून देवघराचं दार ओढून घेत. स्वयंपाक मी आंघोळ करून सोवळ्यात करायचा आणि त्यांनी माझ्या हातचं जेवायचं, हा शिरस्ता. बाहेरचं काही म्हणजे काही त्या खात नसत. मिठाईवाल्याच्या दुकानातला संदेशसुद्धा नाही, कारण "त्या हातांनी आधी काय कापलं असेल कोण जाणे."

एकदा मुलीच्या खोकल्यासाठी मी डॉक्टरांकडे गेले. सरकारी यादीतले, म्हातारे बंगाली डॉक्टर. त्यांनी मुलीकडे बघितलंच नाही, माझ्या शालीकडे बघितलं. मग मला खुर्चीवर गुडघे टेकवून बसायला लावलं आणि घोट्यामागे छोट्या हातोडीने टक केलं. पाय उडाला, पण परत जागेवर येताना सरकारी फाईलसारखा रमतगमत आला. डॉक्टरांना एवढा आनंद झाला की त्यांनी आतून आपल्या बायकोला बघायला बोलावलं.

मानेत एक ग्रंथी असते, ती शरीराचा विस्तव पेटता ठेवते, आणि माझी ती झोपी गेली आहे, असं त्यांनी मला समजावलं. थायरॉइड हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आयत्या गोळ्या बाजारात कधी मिळायच्या, कधी महिनोन्महिने नाही. मिळाल्या तेव्हा एक घेऊन पाहिली, तर काळीज असं धडधडलं की मी पलंगाची कड धरून बसले. म्हणून डॉक्टरांनी ठरवलं की औषध अगदी थोड्या मापाने, पुड्या बांधवून घ्यायचं. पण लिहिण्याआधी ते थांबले.

"देखो मा, ये जो पावडर है, ये भेड़ी का गला से आता है. सुखा के, पीस के. तुम लोग तो निरामिष. खाएगा?"

मेंढीच्या गळ्यातली ग्रंथी, वाळवून, कुटून. ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर थांबायचा त्या घरातली मी सून. मी फार तर दहा आकडे मोजण्याइतका वेळ घेतला असेल. मी म्हटलं, "खाऊंगी." मला पुन्हा माणसात यायचं होतं, आणि त्यासाठी मेंढीने मला माफ करावं एवढंच माझं म्हणणं होतं.

अशा पुड्या हाताने बनवून देणारा जुना दवाखाना डॉक्टरांच्या ओळखीचा होता, तोही थेट बागबाजारला. म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. ट्रॅम बदलत बदलत मी पोचले. तिथला कंपाउंडर सत्तरीचा, कानात केस, अंगात विणलेली गंजी. मी मराठी आहे कळल्यावर त्याने आतल्या माणसाला हाक मारली, "ओरे, बर्गी एशे गेछे!" बर्गी म्हणजे लुटारू मराठे स्वार. त्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने याच बाजूला कधीकाळी खंदक खणला होता, आणि आता बर्गी आले ते हातात चिठ्ठी घेऊन, शाल पांघरून. मी पण हसले. मग त्याचं काम बघत बसले. शिंगाच्या पारड्यांचा इवलासा तराजू, चिमूटभर करडी पूड, तिच्यापेक्षा कितीतरी जास्त पांढरी दुधाची साखर, म्हणजे मिल्क शुगर. खलात दोन्ही एकजीव करायचं, मग हाडाच्या सुरीने कागदांवर सारखे भाग पाडायचे. तीस कागद, तीस पुड्या. घड्या इतक्या एकसारख्या की उकलायला जिवावर यावं.

आणि इथे मी शहाणपणा केला. बिल आमच्या घरी हे बघणार, आणि ह्यांच्या हातातला प्रत्येक कागद सासूबाईंच्या कानावरून जाणार. मी कंपाउंडरला हळूच म्हटलं की बिलावर त्या ग्रंथीचं नाव नको.

"बिधबा शाशुड़ी?" त्याने विचारलं. विधवा सासू का?

मी मान हलवली. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. अशा कटात सामील होण्याची संधी त्याला बऱ्याच वर्षांत मिळाली नसावी. डॉक्टरांची चिठ्ठी त्याने आपल्या रजिस्टरात उतरवून ठेवली, पुड्यांच्या पाकिटावर नुसता नंबर टाकला, आणि बिलावर ऐटबाज अक्षरात लिहिलं: मिल्क शुगर पावडर, तीस पुड्या. "मिथ्या तो नहीं लिखा," तो म्हणाला. "ज़्यादा तो वही है."

दीड महिन्यात मी शाल घडी करून ट्रंकेत टाकली. दूध उतू जायचं थांबलं. एका सकाळी मी धोब्याशी एका हरवलेल्या उशीच्या अभ्र्यावरून एवढी कडाकडा भांडले की वरच्या मजल्यावरच्या बाई वाकून बघायला लागल्या, आणि भांडता भांडता मला रडू आलं. आनंदाचं. मी परत आले होते.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. सरकारी नोकराच्या घरच्यांच्या औषधाचा खर्च सरकार परत देत असे. त्यासाठी डॉक्टरांनी एका फॉर्मवर सही करून लिहून द्यायचं की औषध आवश्यक होतं, आणि ते टॉनिक नव्हतं की खाण्याचा पदार्थ नव्हता. हे ज्या सेक्शनचे प्रमुख होते, तिथेच कचेरीतल्या सगळ्यांची ही बिलं तपासली जात. कुणी च्यवनप्राश घुसडायचा, कुणी माल्टचे डबे, कुणी बदामाचं सरबत. त्यामुळे ह्यांची नजर कायम संशयी. स्वतःच्या बिलाला मात्र ते हात लावत नसत. "हक्काचं सोडायचं नाही आणि बिनहक्काचं शिवायचं नाही," हा बाणा. बिलं तपासणाऱ्या बाबूला त्यांनी बजावून ठेवलं होतं, "माझं बिल सगळ्यात कडक तपासा." आता साहेबानेच असं सांगितल्यावर बाबू काय सोडतो!

त्यातून तो बाबू बंगाली. घरात होमिओपॅथीची पेटी नाही असं बंगाली घर मी तरी पाहिलं नाही. त्या गोळ्या ज्या साखरेच्या बनतात ती मिल्क शुगर म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. डॉक्टरांनी फॉर्मवर नुसतं "पुड्या, नंबरप्रमाणे" लिहिलेलं. बाबूने लाल शाईने शेरा मारला: मिल्क शुगर हा खाद्यपदार्थ आहे, औषध नव्हे, सबब नामंजूर.

हे संध्याकाळी तो कागद घेऊन घरी आले. सासूबाई तिथेच वाती वळत बसल्या होत्या.

"अगं, या पुड्यांत आहे तरी काय?"

"औषध."

"बिलावर तर मिल्क शुगर लिहिलंय."

मी सासूबाईंच्या हातातल्या वातीकडे बघितलं. "असेल," मी म्हटलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण आमची मूठ झाकून ठेवायला गेलं तर आतलं औषधच जाणार होतं, हे मला तेव्हा दिसलं नाही. हे खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि अगदी मायेने म्हणाले, "म्हणजे तू साखरेने बरी झालीस. बघ बरं. जो आजार साखरेने जातो तो आजार नसतोच. मनाचं असतं ते. उगीच एवढ्या लांब ट्रॅमने जात होतीस. आता बरी आहेस ना? मग बंद कर."

"साखरच खायची तर डबा भरलेला आहे घरात," सासूबाई म्हणाल्या.

ते ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि सगळं भडाभडा बाहेर पडलं असतं. पण मायेने बोलणाऱ्या माणसापुढे माझं काही चालत नाही. आणि मला भयंकर राग आला होता. पाच वर्षं मी त्या चिखलात रुतून होते, आणि त्याला हे मनाचं म्हणत होते. ठीक आहे, मी मनात म्हटलं, नाही घेत. बघा मग. रागात माणूस स्वतःच्याच ताटाला लाथ मारतं, तशातली गत. चोरून बागबाजारला जाता आलं असतं, घरखर्चातून पैसेही निघाले असते, पण मी गेले नाही. उरलेल्या पुड्या संपल्या आणि मी गप्प बसले.

औषध सुटलं की लगेच काही होत नाही, हा त्या रोगाचा कावेबाजपणा. महिना बरा गेला. हे विजयी मुद्रेने फिरत होते. मग एक दिवस मला सकाळी उठवेना. मग आवाज जड झाला. मग ट्रंकेतून शाल निघाली. कुणी काही म्हटलं नाही, कारण सगळ्यांना माझ्या आधीच्याच रूपाची जास्त सवय होती.

एका सकाळी मी मुलीच्या वेण्या घालत होते. एक घातली. दुसरी घालायची आहे हे माझ्या डोक्यातून साफ गेलं, आणि मी तिला दप्तर देऊन शाळेच्या बसमध्ये बसवलं. दुपारी ती परत आली तेव्हा अर्ध्या डोक्यावर रिबिनीचं फूल आणि अर्ध्या डोक्यावर केस मोकळे. मी घाबरून विचारलं, "अगं, तू मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तू बघत होतीस, आई. मला वाटलं, आता घालशील, आता घालशील. मग बस आली."

मी तशीच उठले आणि डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं, कटासकट. डॉक्टर असे भडकले की त्यांचं हिंदी संपलं आणि नुसतं बंगाली उरलं. शांत झाल्यावर त्यांनी कागद ओढला. "तुम्हारा साहब काग़ज़ का आदमी है? तो काग़ज़ देगा. लेकिन सब लिखेगा मा, भेड़ी भी लिखेगा. नहीं तो पास नहीं होगा." त्यांनी पानभर लिहिलं, इंग्रजीत, आणि खाली नेहमीपेक्षा मोठी सही केली.

संध्याकाळी मी तो कागद ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी वाचला. कागद वाचण्यात ह्यांचा हात कुणी धरणार नाही. सगळं आयुष्य त्यातच गेलेलं. एकदा वाचून झाल्यावर त्यांनी परत पहिल्या ओळीपासून सुरू केलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं की या औषधावाचून रोग्याला थंडी वाजते, विसर पडतो, बोलणं चालणं मंदावतं, आणि घरच्यांना वाटतं की बाई आळशी झाली आहे. या बाई आळशी नाहीत. औषध जन्मभर लागेल.

"काय लिहिलंय रे?" सासूबाईंनी विचारलं.

हे एकेक ओळ मराठीत सांगायला लागले. आळशी नाहीत, इथपर्यंत आले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाच वर्षं मी तुला फिरायला जा म्हणत होतो गं." मला वाटलं होतं की हे ऐकायला मिळालं की मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसतं रडू आलं, आणि ते थांबेना.

मग ते पुढच्या ओळीपाशी आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. जन्मात खोटं न बोललेला माणूस काय करणार! ती ओळ गाळून पुढे वाचावं, हा विचार त्यांच्या कपाळावर मला स्पष्ट दिसत होता. पण झाकपाक करून काय झालं होतं ते मी भोगलं होतं. मीच डोळे पुसून म्हटलं, "आई, त्या पुड्यांत मेंढीच्या गळ्यातली ग्रंथी असते. वाळवून पूड केलेली. मला ठाऊक होतं. मीच बिलावर लिहू नका म्हणून सांगितलं."

सासूबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. "आणि त्याच हातांनी मला वाढत होतीस," त्या एवढंच म्हणाल्या, आणि उठून देवघरात गेल्या.

बिल या वेळी मंजूर झालं. म्हणजे बहुतेक. बाबूने डॉक्टरांचं पत्र वाचून ग्रंथीची पूड मंजूर केली, कंपाउंडरची मजुरी मंजूर केली, आणि मिल्क शुगरची किंमत खाद्यपदार्थ म्हणून कापून घेतली. हे तो कागद घेऊन घरी आले तेव्हा कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं पोट धरून हसलो. पुढे दर महिन्याला ते कापलं गेलं. ह्यांनी एकदाही तक्रार केली नाही, उलट बाबूचं कौतुक करत, की नियमाला पक्का आहे.

सासूबाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी आपला स्टोव्ह वेगळा मांडला. देवघरालगतच्या गॅलरीत, छोटी पातेली, आपलं आपण. मी माफी मागितली, ह्यांनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. त्या रागावल्या नव्हत्या, माझ्याशी बोलत होत्या, नातीच्या दोन्ही वेण्या आता त्याच घालत होत्या. पण माझ्या हातचं पाणी त्यांनी घेतलं नाही. वाईला परत जाईपर्यंत, म्हणजे पुरते आठ महिने, एकदाही घेतलं नाही. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकदम, एकाच घासाला.

पुड्यांची काचेची बरणी मी स्वयंपाकघराच्या गॅलरीकडच्या खिडकीत ठेवत असे; रोज सकाळी उठल्यावर त्यातली एक घ्यायची. सासूबाई त्या खिडकीच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. एका सकाळी पाहुणे यायचे होते, माझी धांदल उडाली होती. सगळं आवरून अकरा वाजता गॅलरीत डोकावले, तर सासूबाई पाटावर बसलेल्या. तांदूळ धुतलेले, डाळ धुतलेली, आणि स्टोव्ह थंडगार. आदल्या दिवशी त्यांची एकादशी होती. पोटात कालपासून अन्नाचा कण नव्हता.

"आई, अजून स्टोव्ह पेटवला नाहीत? रॉकेल संपलं का?"

त्यांनी मान हलवली आणि दुरून, हात न लावता, माझ्यामागच्या खिडकीकडे बोट केलं. "काल संध्याकाळी बरणीत एकोणीस होत्या," त्या म्हणाल्या. "अजून एकोणीसच आहेत."

मी मागे वळले, बरणी उघडली, एक पुडी उकलून जिभेवर टाकली आणि वर पाणी प्यायले. गॅलरीतून काडी ओढल्याचा आवाज आला.